डोक्यात गोंगाट असताना पेपर लिहायचा कसा : नवख्यांसाठी सजगता आणि स्वीकार

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मानसोपचार हा माझा विषय नाही. पण मेंटॉरिंग नावाचं काम गळ्यात पडलं, वीस मुलं वाट्याला आली आणि पहिल्याच वर्षी त्यातली एक मुलगी व्हायव्हाच्या दिवशी लॅबच्या दाराशी उभी राहिली ती आत जाईचना. जर्नल छातीशी घट्ट धरलेलं. पूर्ण होतं, सर्टिफाय झालेलं होतं, अभ्यासही चांगला होता. मी म्हटलं, "अगं, घाबरू नकोस, शांत हो बघू."

ती म्हणाली, "मॅडम, मगाचपासून तेच करतेय. शांत व्हायला जाते तसं जास्तच वाढतंय."

यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी स्वतः आठ आठवड्यांचा कोर्स केला, समुपदेशक मैत्रिणीचं डोकं खाल्लं आणि नंतरच्या बॅचेसच्या मुलांबरोबर बरंच काही करून पाहिलं. ठाणे ते पनवेल या पट्ट्यात लोकलला लोंबकळत शिकणाऱ्या मुलांसाठी त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे फसगत नको. या पद्धती मन शांत करण्यासाठी नाहीत. कधी शांत वाटतं, ते वरकड समजायचं. मुद्दा एवढाच, की डोक्यात गोंगाट चालू असतानाही लॅबच्या दारातून आत जाता यावं.

सुरुवात करण्याआधी

दोन आठवड्यांहून जास्त झोप नीट नाही, जेवण जात नाही, आंघोळ करणंही डोंगराएवढं वाटतं, इतरांना ऐकू न येणारे आवाज येतात, किंवा जगणं नको वाटतं, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी माणूस गाठा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र कधीही करा, मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असेल तर तिथे सरळ ओपीडीत जाऊन केसपेपर काढता येतो.

ठाण्यात मनोरुग्णालयही आहे, १९०१ सालापासून. त्यावरून "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद उभा महाराष्ट्र करतो, आणि आम्ही ठाणेकर "आम्ही आधीच तिथे आहोत" म्हणून हसून घेतो. विनोद असू दे. पण त्याच विनोदामुळे मुलं तिथल्या ओपीडीची पायरी चढत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. तिथे बाहेरून येऊन, डॉक्टरांना दाखवून, गोळ्या घेऊन संध्याकाळच्या क्लासला जाणारी माणसं रोज असतात.

गोळ्या चालू असतील तर हे सराव करता येतात, फक्त डॉक्टरांना सांगा. सरावाच्या जोरावर गोळ्या परस्पर बंद मात्र करू नका.

नावांचा गुंता

इंटरनेटवर शोधलंत तर तीन-चार आद्याक्षरी नावं अंगावर येतात. थोडक्यात सोडवते.

एमबीएसआर, म्हणजे सजगतेच्या आधाराने ताण कमी करणं, हे यातलं सर्वांत जुनं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी हा कोर्स सुरू केला. आठ आठवडे, दर आठवड्याला अडीचएक तास आणि घरी रोज पाऊण तास सराव, असा मूळ साचा. एमबीसीटी, म्हणजे सजगतेवर आधारलेली विचारांची उपचारपद्धती, त्याच्यावरच बेतलेली. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी ती पुन्हापुन्हा नैराश्य येणाऱ्यांसाठी तयार केली. आणि तिसरी एसीटी, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकीची उपचारपद्धती. हिचा उच्चार अक्षरं सुटी करून नव्हे तर 'ॲक्ट' असा करतात, म्हणजे कृती. स्टीव्हन हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, तिचं मूळ पुस्तक १९९९चं. नकोशा भावनांना जागा द्यायची आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्या दिशेने पाऊल टाकायचं, ही तिची धाटणी.

मराठी वाचकाला यात एक फरक कळायला हवा. आपल्याकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांच्या पुस्तकांमुळे घरोघर माहीत झाली, आणि ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमुळे ती आणखी रुजली. त्या पद्धतीत चुकीच्या विचाराशी वाद घालायचा असतो. "मी नापास होता कामाच नये" याला पुरावा काय, असं स्वतःला विचारायचं. ॲक्टमध्ये वाद घालत नाहीत. विचार आला, त्याला आलेला पाहिला आणि हातातलं काम चालू ठेवलं. दोन्ही चांगल्या. माझ्यासारख्या वादात रमणाऱ्या बाईला दुसरी जास्त कामाला आली, कारण स्वतःशी वाद घालताना मी हरतही नाही आणि थांबतही नाही.

'माइंडफुलनेस'ला मराठीत 'सजगता' म्हणतात. शब्द बरा आहे, पण ऐकला की विम्याची जाहिरात आठवते. आपल्या आज्या 'भान' म्हणत. खेळताना भान राहिलं नाही, भानावर ये, जरा भान ठेव. मला तोच शब्द जवळचा वाटतो. पाली भाषेतल्या 'सती'ला, म्हणजे भानालाच, इंग्रजीत माइंडफुलनेस हा शब्द १८८१च्या सुमारास मिळाला. म्हणजे मूळ माल आपल्याकडचाच, पाश्चात्त्य दवाखान्यात जाऊन नवीन वेष्टनात परत आलेला.

पहिला आठवडा : एक शेंगदाणा

कबाट-झिन यांच्या कोर्सची सुरुवात एका बेदाण्याने होते. मी मुलांना खारे शेंगदाणे देते. स्टेशनबाहेर कागदाच्या पुडीत मिळतात ते.

एक दाणा तळहातावर घ्या. फक्त एक. नुसता बघा. लालसर सालीवर बारीक सुरकुत्या दिसतात आणि त्या सुरकुत्यांत मिठाची पांढरी पूड अडकलेली असते. एका टोकाला चोचीसारखा कोंब. दोन बोटांत चोळला की साल सुटते, आणि कान जवळ नेलात तर तिचा कागदासारखा आवाज येतो. नाकाशी धरा. मग जिभेवर ठेवा, चावू नका. आधी मीठ कळतं, मग तोंडाला पाणी सुटतं, तेही आपण न सांगता. आता दाढेखाली घ्या. दाण्याची दोन दळं एकमेकांवरून घसरतात आणि मग चव येते ती भाजल्याची, मिठाची नाही.

एवढ्याला दोन मिनिटं लागतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पहिला दाणा तोंडात असतानाच माझ्या बोटांनी पुडीतला दुसरा निवडून ठेवला होता. मला ते कळलं, आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. माझा सगळा दिवस तसाच जातो. हातात एक असतं आणि लक्ष पुढच्यावर.

"हा काय खुळेपणा" असं मनात येईल. येऊ दे. तेही शेंगदाण्यासारखंच बघायचं, आला एक विचार म्हणून. हा आठवडाभर रोज एक गोष्ट अशी करा: चहाचा पहिला घोट, दात घासणं, बुटाची नाडी. एकच. सगळा दिवस भानावर राहण्याचा संकल्प केलात तर बुधवारपर्यंत सगळंच सुटेल.

दुसरा आठवडा : तीन मिनिटं

एमबीसीटीमधला हा छोटा सराव विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण लेक्चर संपून पुढचं सुरू होईपर्यंत होतो.

पहिल्या मिनिटात फक्त विचारपूस. आत्ता डोक्यात काय चाललंय, काय वाटतंय, अंगात कुठे ताठलंय? उत्तर बदलायचं नाही, नोंदवायचं. हजेरी घेताना "प्रेझेंट" ऐकून आपण पुढच्या नंबरावर जातो, तसं. दुसऱ्या मिनिटात लक्ष श्वासावर, पोट वरखाली होतं तिथे. श्वास लांबवायचा नाही, तो जसा आहे तसा. तिसऱ्या मिनिटात लक्ष पसरवायचं: सगळं अंग, बाकाला टेकलेली पाठ, जमिनीला लागलेले तळवे.

लक्ष भटकणार. सबमिशनकडे जाईल, ग्रुपवर कोणी काय टाकलं तिकडे जाईल. मुलं येऊन सांगतात, "मॅडम, मला जमत नाही, दहा सेकंदांत मन पळतं." अरे, पळालं हे कळलं ना? तोच सराव. डंबेल वर उचलल्यावर खाली येतो म्हणून कोणी जिममध्ये रडत नाही. पळणं, कळणं, परत येणं, ही एक उचल झाली. तीन मिनिटांत वीस वेळा पळालं तर वीस उचली.

काहींना मात्र श्वासाकडे लक्ष दिलं की जीव गुदमरल्यासारखा होतो. पॅनिकचे झटके येणाऱ्यांना आणि दम्याचा त्रास असलेल्यांना विशेष. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि पायाचे तळवे किंवा पंख्याचा आवाज धरावा. डोळे मिटायलाच हवेत असंही नाही.

रात्री खाटेवर पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत अवयवागणिक लक्ष फिरवायचं, असाही एक सराव असतो. मूळ कोर्समध्ये तो बराच वेळ चालतो, तुम्ही दहा मिनिटं करा. बहुतेक मुलं गुडघ्याच्या वर पोचत नाहीत, घोरतात. परीक्षेच्या दिवसांत तोही फायदाच.

लोकलमधला सराव

शांत खोली कुठून आणणार? वन बीएचकेमध्ये पाच माणसं, नाहीतर हॉस्टेलवर तिघांत एक खोली. म्हणून मी ठाणे-वाशी गाडीत शिकले. दारात उभं राहून नव्हे, आत. घणसोलीला फोन पिशवीत टाकायचा आणि कोपरखैरणेपर्यंत फक्त ऐकायचं. एकच स्टेशन. चाकांचा ठेका, पुढच्या स्टेशनची घोषणा, कोणाच्या तरी फोनवरची रील, क्लिपा विकणाऱ्या बाईची आरोळी. त्यातलं काही आवडेल, काहीवर चीड येईल. चीडही ऐकायची. कोपरखैरणेनंतर खुशाल फोन काढा, मीही काढते.

ज्यांना बसवत नाही त्यांनी चालावं. ठाण्याला मासुंदा किंवा कचराळी तलावाची एक फेरी, वाशीला सागर विहार. एका पावलाची टाच टेकते, चवडा टेकतो, दुसरा उचलतो, एवढ्यावर लक्ष. हिवाळा-उन्हाळ्यात खाडीवर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेले असतात. त्यांचे फोटो काढायचे की पावलं मोजायची हे आधीच ठरवून जा.

स्वीकार म्हणजे काय, आणि काय नाही

आता अवघड भाग. इथे थोडं थांबते.

१९८७मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. केलात तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे "आता खुशाल करा विचार" म्हटल्यावर या मुलांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्या मुलांपेक्षाही जास्त. लॅबच्या दारातल्या माझ्या विद्यार्थिनीचं नेमकं हेच होत होतं. भीती हे तिचं अस्वल होतं, आणि "शांत हो" सांगून मी तिच्या हातात घंटी दिली होती.

स्वीकार म्हणजे भीतीला हाकलण्यात खर्च होणारी ताकद वाचवणं. करायचं असं. भीती आली की ती अंगात कुठे आहे ते शोधा. घशात? पोटात? तिची हद्द कुठे सुरू होते, कुठे संपते? गरम की गार, स्थिर की हलती? मग तिच्याभोवती थोडी जागा करा. भरलेल्या गाडीत आणखी एक माणूस चढला की आपण कुरकुरत का होईना, सरकतो, तसं. तो आवडायला पाहिजे असं नाही. त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. त्याला त्याच्या स्टेशनपर्यंत येऊ द्यायचं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपल्याकडे स्वीकाराच्या नावाखाली बरंच खपवलं जातं. रॅगिंग होतंय, कोणी गाइड विद्यार्थिनीला त्रास देतोय, जातीवरून टोमणे मारले जातायत, यात स्वीकारायचं काही नाही. तिथे तक्रार करायची. स्वीकार आतल्या भावनेचा, बाहेरच्या अन्यायाचा नव्हे. तक्रार करायला जाताना पोटात जो गोळा येतो तो स्वीकारायचा, आणि त्याला बरोबर घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरायचं.

मराठीचं व्याकरण आपल्या बाजूने आहे

ॲक्टमध्ये विचारापासून सुटं होण्याचे सराव असतात. इंग्रजीत ते शिकवायला कष्ट पडतात, कारण तिथे माणूस म्हणतो "मी घाबरलेला आहे", "मी दुःखी आहे". म्हणजे भावना आणि मी एकच. आपण काय म्हणतो? मला भीती वाटते. मला राग आला. रडू आलं, कंटाळा आला, आठवण आली. मनात विचार आला. सगळं येतं, पाहुण्यासारखं. आलेलं जातंही. हे मला कोर्समध्ये कोणी सांगितलं नाही. एकदा पेपर तपासताना सुचलं आणि त्या गठ्ठ्यातल्या मुलांना बहुधा दोनेक मार्क जास्तच गेले असतील.

घोळ कुठे होतो, तर स्वतःवर शिक्का मारताना. तिथे आपण व्याकरण बदलतो. "मी ढ आहे." "मी मागे पडलोय." "माझं काही होणार नाही." इथे पाहुणा घरमालक झाला.

सराव असा, की शिक्क्याचं वाक्य कागदावर लिहा. "मी नापास होणार." त्याखाली लिहा, "माझ्या मनात असा विचार आलाय, की मी नापास होणार." त्याखाली आणखी एक, "माझ्या मनात असा विचार आलाय की मी नापास होणार, हे मला दिसतंय." तिन्ही सावकाश, मोठ्याने वाचा. विचार खोटा ठरलेला नाही. कदाचित खराही असेल, पोर्शन खरंच राहिला असेल. पण पहिल्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये पाऊल ठेवण्यापुरती जागा तयार होते.

दुसरा सराव जरा पोरकट आहे, म्हणून मुलांना आवडतो. टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शंभरएक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की एखादा शब्द भराभर म्हणत राहिलं तर त्याचा अर्थ गळून नुसता आवाज उरतो. ॲक्टवाल्यांनी ते उचललं, ते 'मिल्क' म्हणतात. आम्ही 'केटी' म्हणतो, म्हणजे राहिलेला विषय. केटी केटी केटी केटी, तीस सेकंद, जमेल तितकं भरभर. पंधराव्या सेकंदाला तो पक्ष्याचा आवाज वाटायला लागतो. वर्गात एकदा वीस जणांनी एकदम केलं तेव्हा शिपाईकाका दार उघडून बघून गेले. केटी काही रद्द होत नाही, ऑक्टोबरात बसावंच लागतं. पण त्या दोन अक्षरांचं ओझं बरंच उतरतं.

दिशा आणि स्टेशन

एवढं करून थांबलात तर अर्धंच झालं. ॲक्टमधला 'कृती'चा भाग राहिला.

आठ पॉइंटर, प्लेसमेंट, एमपीएससीची प्रिलिम, ही स्टेशनं. गाठली की संपली, चुकली की चुकली. दिशा वेगळी असते: लोकांच्या उपयोगी पडणं, नवीन शिकत राहणं, मित्राला धरून राहणं. पनवेल येतं आणि जातं, दक्षिण कधी संपत नाही. मूल्य म्हणजे दिशा. आणि तिचा मोठा फायदा असा, की नापास झाल्याच्या दिवशीही त्या दिशेला एक पाऊल टाकता येतं.

ती शोधायला एक प्रश्न पुरतो: हे कोणालाच कळणार नसेल, स्टेटसला टाकता येणार नसेल, बाबा-काका-शेजारी कोणीच विचारणार नसतील, तरी मी काय करेन? पहिली दोन-तीन उत्तरं बहुतेक आई-वडिलांचीच असतात. खोडून टाकू नका, पुढे लिहीत राहा.

मग त्यातलं एक घ्या आणि आज रात्रीच्या आत होईल इतकं लहान करा. एक मुलगा होता, वर्गात तोंड न उघडणारा. त्याने लिहिलं, 'शिकत राहणं'. पाऊल ठरलं: आठवड्यातून एकदा, एका लेक्चरला, एक शंका हात वर करून विचारायची. पहिल्या वेळी त्याचा आवाज फाटला आणि मागचे हसले. दुसऱ्या आठवड्यात त्याने पुन्हा हात वर केला. मला विचाराल तर सगळ्या उपचारपद्धतीचा अर्क त्या दुसऱ्या हातात आहे.

बिघडतं कुठे

संख्याशास्त्राची बाई म्हणून पुराव्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांची विभागणी. आठ आठवड्यांचा कोर्स मिळालेल्या गटाला परीक्षेच्या काळात मानसिक त्रास कमी झाला. उलट ब्रिटनमध्येच ८५ शाळांत, आठ हजारांवर मुलांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निकाल २०२२मध्ये आले, तेव्हा वर्गात सरसकट शिकवलेल्या सजगतेचा नेहमीच्या पाठांहून जास्त उपयोग दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मी यातून एवढंच घेते, की स्वतःहून आलेल्या मोठ्या मुलाला उपयोग होण्याची शक्यता बरी आहे, आणि तासाला बसवून सर्वांना पाजण्यात अर्थ नाही. आमच्याकडे हे हजेरीला जोडायचा प्रस्ताव आला होता. मी विरोध केला.

शनिवार-रविवारच्या शिबिरांबद्दल सांभाळून. "तीन तासांत चिंतामुक्ती" अशा एका कार्यक्रमाला मी पैसे भरून गेले होते. शेवटी पुढच्या लेव्हलची पावती हातात आली आणि चिंता एकाने वाढली. ॲपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शनही आधी नको. वर लिहिलेल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

विपश्यनेबद्दल मुलं हमखास विचारतात, कारण इगतपुरी जवळ आणि बेलापूरला पारसिकच्या डोंगरावरही केंद्र आहे. दहा दिवस मौन, रोज दहाएक तास बसणं, ही मोठी गोष्ट आहे. मन आधीच डळमळीत असेल तर तिथून सुरुवात करू नये. अर्जात आजारपण विचारतात, ते लपवू नये. आणि सेमिस्टरच्या पंधरा दिवस आधी अजिबात नाही.

सराव करताना जुनं काही वर येऊन फार रडू आलं, अंग सुन्न पडलं, आपण आपल्यात नाही असं वाटलं, तर थांबा. डोळे उघडा, पाणी प्या, खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधा. असं पुन्हापुन्हा होत असेल तर हे एकट्याने करायचं काम नाही.

माणूस शोधताना

आधी कॉलेजात विचारा. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. ऑफिसात "कोण आहेत, कधी बसतात" एवढं विचारलंत तरी चक्रं हलतात.

बाहेर जायचं तर फरक समजून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. समुपदेशक म्हणून पाटी मात्र कोणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण काय, ॲक्ट किंवा एमबीसीटी कुठे शिकलात, किती सत्रं लागतील, फी किती आणि विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हे पहिल्या फोनवरच विचारावं. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही.

गुपिताची काळजी असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलेला आहे. तुम्ही अठरा पूर्ण असाल तर घरच्यांना परस्पर फोन जाऊ नये. जिवाला धोका असेल तिथे अपवाद.

घरी सांगायचंच असेल तर वेळ निवडा. माझ्या एका विद्यार्थिनीने आईला पोळ्या लाटता लाटता सांगितलं. आई म्हणाली, "तुला काय कमी आहे गं? आम्ही काही केलं का?" मुलगी म्हणाली, "तू काही केलं नाहीस, आई. पाय मुरगळला तर दाखवतोच ना." आई गप्प. पोळी करपली. मग आई म्हणाली, "फी किती घेतात?" ते होकारार्थी होतं.

पेपरच्या दिवशी

नवीन काही करू नका. सकाळी तीन मिनिटं, ती झाली नाहीत तरी चालेल. हॉलबाहेर "तुझा चौथा चॅप्टर झाला का" विचारणाऱ्यांपासून चार हात लांब उभे राहा. आत गेल्यावर बाकाखाली दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. सुपरवायझर पुढच्या रांगेत पेपर वाटत असतात, तेवढा वेळ तुमचा. छाती धडधडेल. मनात म्हणा, आली भीती, बस इथे बाजूला. तळहाताला घाम असेल तर तो पँटला पुसा, पेनाचं टोपण काढा, सीट नंबर अंकात आणि अक्षरात लिहा. पेपर हातात आला की आधी सगळा वाचा. डोक्यातून आवाज येईल की काहीच येत नाही. येऊ दे. प्रश्न पहिला, उपप्रश्न अ.